जुनी चेन पाहायला मागा

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी मी घराजवळच्या दुकानातून गिअरची सायकल घेतली. कामावर जाण्या-येण्यासाठी ती रोज वापरते. गेले काही महिने चढावर जोर दिला की चेन घसरत असे आणि पाय एकदम रिकामा फिरत असे, म्हणून सायकल त्याच दुकानात दिली. दोन दिवसांत देतो म्हणाले, नऊ दिवस लागले आणि मधल्या काळात एकदाही फोन आला नाही. बिलावर ‘सर्व्हिसिंग व सामान’ एवढेच लिहिले होते. विचारल्यावर ‘चेन बदलली’ असे कळले. जुनी चेन टाकून दिली होती. घरी येताना पाहिले तर चेन पूर्वीपेक्षाही जास्त घसरत होती. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला घेऊन गेले. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरे त्याला देत होते. भाऊ तर सायकल चालवतही नाही. ‘नवीन चेन आहे, हळूहळू बसेल’ असे म्हणून त्यांनी विषय संपवला. माझी फसवणूक झाली का? या दुकानाबद्दल उघडपणे लिहावे, दुसरे दुकान शोधावे, की सामान बाहेरून मागवून फक्त बसवून घ्यावे? (तेल भरपूर घातलेले दिसते, मागची डिस्कसुद्धा चकचकते आहे. ब्रेक मात्र तेव्हापासून किंचाळतो, पण ते मी चालवून घेईन.)
— रोज सायकलने जाणारी एक वाचक

सप्रेम नमस्कार,

आपण कंसात लिहिलेली शेवटची दोन वाक्ये मी सर्वांत आधी घेते, कारण संपूर्ण पत्रात मला काळजी वाटली ती तिथे. ब्रेकचा आवाज कृपया चालवून घेऊ नका. डिस्क ब्रेकमध्ये चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीवर, म्हणजे डिस्कवर, दोन्ही बाजूंनी पॅड दाबले जातात. हे सारे काम घर्षणावर चालते आणि डिस्कला तेलाचा स्पर्शही होऊ द्यायचा नसतो. सायकलची जाण असलेले लोक तर डिस्कला बोटसुद्धा लावत नाहीत, कारण त्वचेवरचा तेलकटपणाही तिथे नको असतो. डिस्कवर तेल आले की ते पॅडमध्ये मुरते, पॅड गुळगुळीत होतो, ब्रेक किंचाळू लागतो आणि त्याची पकड कमी होते. आवाजाने माणूस निदान सावध होतो, पण पकड कमी झाल्याचे लक्षात येते ते उतारावर, जेव्हा थांबायलाच हवे असते तेव्हा.

आजच एक साधी चाचणी करा. सायकलवर न बसता तिच्या बाजूने चालत, तिला थोडा वेग द्या आणि फक्त मागचा ब्रेक दाबा. मागचे चाक जागच्या जागी अडले पाहिजे. ते घसटत फिरत राहिले तर दुरुस्ती होईपर्यंत सायकल चालवू नका. दुरुस्ती मोठी नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि स्वच्छ कापडाने पुसावी लागते. पॅड वरवर घासून काही वेळा काम भागते, परंतु तेल आत मुरले असेल तर पॅड बदलणे हाच भरवशाचा उपाय आहे. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या, सपाट जागी मध्यम वेगावरून दहा-पंधरा वेळा हळूहळू वेग कमी करावा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतात. सर्व्हिसिंगच्या वेळी डिस्कवर तेल उडाले असेल, तर हे काम दुकानाने विनामूल्य करून द्यायला हवे, आणि तसे मागताना आपण जराही संकोच करू नये.

आता चेनबद्दल. नवी चेन बसवल्यावर घसरणे वाढले, या एका गोष्टीवरून आपल्याला फसवणुकीची शंका आली, आणि ती येणे स्वाभाविक आहे. मला मात्र याच गोष्टीवरून काय घडले असावे याचा बराच अंदाज येतो. चेन जुनी होते तेव्हा तिचे लोखंड ताणले जात नाही. प्रत्येक दुव्यातली पिन आणि ती जिच्यात फिरते ती जागा कणाकणाने झिजते, आणि ही झीज सगळ्या दुव्यांत साठत गेल्यामुळे चेन लांब होते. सायकलच्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, म्हणून नव्या चेनवर पहिल्या पिनपासून पंचविसाव्या पिनपर्यंतचे अंतर बरोबर १२ इंच भरते. तेच अंतर इंचाच्या सोळाव्या भागाने वाढले की झीज साधारण अर्धा टक्का झाली आणि आठव्या भागाने वाढले की एक टक्का. मागे ११ किंवा १२ गिअर असतील तर अर्ध्या टक्क्याला चेन बदलावी, १० पर्यंत असतील तर पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येते, असा सर्वसाधारण प्रघात आहे. त्यापुढे तीच लांबलेली चेन चालवत राहिलो की ती मागच्या चक्रांचे दाते आपल्या मापाने झिजवू लागते. झिजलेली चेन आणि झिजलेले दाते यांचे मग आपसात जमून जाते. थोडी कुरकुर होते, पण काम चालते. अशा चक्रांवर अचूक मापाची नवी चेन घातली की ती दातांमध्ये नीट बसत नाही, आणि जोर पडताच दातांवरून उडी मारते.

तीन वर्षांच्या रोजच्या वापरानंतर आपल्या सायकलीत हेच घडले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. दुकानाने फक्त चेन बदलली आणि मागच्या चक्रांचा संच, म्हणजे कॅसेट, तशीच ठेवली. आपला खर्च वाचावा म्हणून तसे केले असेल, कॅसेट त्या दिवशी दुकानात नसेल, किंवा कोणी माप घेऊन पाहिलेच नसेल. यांतले कोणते खरे ते मला इथून सांगता येणार नाही; पण पहिल्या दोन कारणांना फसवणूक म्हणता येत नाही आणि तिसरे म्हणजे निष्काळजीपणा. ‘हळूहळू बसेल’ हे उत्तर मात्र चुकीचे आहे. गिअरची नवी केबल काही आठवड्यांत आपल्या जागी बसते आणि किंचित सैल पडते, त्यामुळे गिअर पुन्हा जुळवावे लागतात, हे खरे. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही, आणि चढावर उभे राहून पेडल मारताना चेन घसरली तर पडून चांगलीच इजा होऊ शकते.

माझा अंदाज खरा आहे की नाही, हे आपल्याला स्वतःलाच तपासता येईल. ज्या गिअरमध्ये आपण रोज सर्वाधिक चालवता त्यातच चेन घसरते आणि क्वचित वापरलेल्या गिअरमध्ये घसरत नाही, असे दिसले तर दोष झिजलेल्या दातांचा. सगळ्याच गिअरमध्ये खडखड होत असेल, गिअर टाकला तरी लागत नसेल किंवा आपोआप बदलत असेल, तर केबलचा ताण चुकला आहे, किंवा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, ज्या छोट्या पट्टीवर लटकतो ती वाकली आहे. सायकल उजव्या बाजूला पडली की बऱ्याच वेळा तीच वाकते. फ्रेम वाचावी म्हणून अनेक सायकलींमध्ये ती मुद्दामच नरम आणि बदलता येण्याजोगी केलेली असते. आणि पेडलच्या ठरावीक फेऱ्यांनंतर नेमाने एक झटका बसत असेल, तर चेनचा एखादा दुवा घट्ट बसला आहे. तो दोन मिनिटांत मोकळा करता येतो. ही निरीक्षणे कागदावर लिहून दुकानात न्या. ‘सायकल बरोबर चालत नाही’ या तक्रारीला ‘हळूहळू बसेल’ असे उत्तर देता येते. ‘मागच्या तिसऱ्या आणि चौथ्या चक्रावर, चढावर, बसून पेडल मारतानाही घसरते, सर्वांत मोठ्या चक्रावर घसरत नाही’ असे सांगितले तर दुकानदाराला सायकल स्टँडवर घ्यावीच लागते.

तेव्हा माझी फसवणूक झाली का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे : कामात बहुधा लबाडी नव्हती, पण वागण्यात दोष होता आणि तो लहान नव्हता. चेन बदलण्यापूर्वी आपल्याला विचारायला हवे होते, ‘फक्त चेन बदलली तर अशी अडचण येऊ शकते, दोन्ही बदलू या का’ असे सांगायला हवे होते, आणि जुनी चेन आपल्यासमोर ठेवायला हवी होती. सायकलच्या दुरुस्तीत ग्राहकाला उघड्या डोळ्यांनी दिसणार नाही असे फारच थोडे असते. झिजलेला दात दिसतो, वाकलेली पट्टी दिसते, मोकळे झालेले बेअरिंग हाताला जाणवते. जिथे इतके दाखवता येते तिथे न दाखवणे, हे मला सेवेतले सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. उर्मटपणा, उशीर, वाढीव बिल या सगळ्यांपेक्षाही मोठे, कारण या बाकीच्या गोष्टींवर बोलता येते; काय झाले हेच कळले नाही तर बोलायचे कशावर?

माझा एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या सायकलचे मागचे चाक पंधरवड्यात तीनदा पंक्चर झाले. मी नेहमी जात असे त्या दुकानात दर वेळी ट्यूब बदलून मिळाली आणि तिसऱ्या वेळी ‘तुम्हीच काचांवरून नेत असाल’ असे ऐकावे लागले. चौथ्यांदा हवा गेली तेव्हा वाटेत जे दुकान दिसले तिथे गेले. तिथल्या मिस्त्रींनी ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूने खूण केली. मग ट्यूब फुगवून पाण्यात बुडवली, छिद्र व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते वितीने मोजले, तेवढेच अंतर टायरवर मोजले आणि त्या जागी आतून कापडाचा बोळा फिरवला. कापडाचा धागा अडकला. केसाएवढी बारीक तार टायरमध्ये रुतून बसली होती आणि दर नव्या ट्यूबला टोचत होती. चिमट्याने ती काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. पंक्चर काढायला लागला असता त्यापेक्षा जेमतेम दहा मिनिटे जास्त वेळ लागला असेल. जाता जाता त्यांनी हेही सांगितले की, शेजारी-शेजारी दोन छिद्रे असली तर हवा कमी असताना टायर खड्ड्यावर आपटला असे समजावे, आणि छिद्र ट्यूबच्या आतल्या बाजूला, आऱ्यांकडे असले तर रिमवरची पट्टी सरकली आहे का ते पाहावे. त्या दिवसानंतर दुसऱ्या दुकानात जाण्याचा विचार माझ्या मनात आला नाही. पहिल्या दुकानाने मला लुबाडले होते असे मी आजही म्हणणार नाही. त्यांनी पंक्चर तीनदा काढले, त्याचे कारण मात्र एकदाही शोधले नाही.

आपल्या भावाशी बोलण्याच्या प्रसंगाबद्दल आपण दोनच वाक्ये लिहिली आहेत, पण ती लिहिताना काय वाटले असेल ते मला समजते. सायकल आपली, रोज चालवणाऱ्या आपण, पैसे आपले. उत्तर मात्र शेजारी उभ्या असलेल्या, सायकल न चालवणाऱ्या माणसाला. हे सहन करून पुढे जा, असा सल्ला मी देणार नाही. पुढच्या वेळी एकट्या जा. भाऊ सोबत असलाच तर त्याने पहिल्याच वाक्यात ‘सायकल ताईची आहे, तिच्याशीच बोला’ असे म्हणून बाजूला उभे राहावे. आणि दुकानदारांना आपण स्वतः, शांतपणे पण स्पष्ट शब्दांत सांगा की, त्या दिवशी मी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपण माझ्या भावाला दिलीत, ते मला आवडले नाही. पुष्कळांना आपण असे वागतो याची जाणीवच नसते आणि कोणी सांगितल्यावर ते खरोखर ओशाळतात. ज्यांना सांगूनही फरक पडत नाही, त्यांच्याकडे आपली सायकल ठेवायचे कारण नाही. काम उत्तम असले तरीही नाही.

नऊ दिवसांच्या उशिराविषयी मी थोडी मवाळ आहे. लहान दुकानात बहुतेक वेळा एकटाच माणूस गिऱ्हाईक पाहतो, पंक्चर काढतो आणि सर्व्हिसिंगही करतो. एखादे सामान मागवावे लागले की दोनाचे नऊ दिवस सहज होतात. मात्र एक फोन करायला अर्धे मिनिट लागते, आणि ज्या सायकलवर कोणाचे रोजचे जाणे-येणे अवलंबून आहे तिच्याबाबतीत तो न करणे योग्य नाही. यापुढे सायकल देताना तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या : नेमकी तक्रार काय, अंदाजे खर्च किती, आणि त्याहून जास्त खर्च निघाल्यास किंवा एखादा भाग बदलावा लागल्यास आधी फोन करावा. त्याखाली ‘काढलेले जुने भाग परत द्यावेत’ अशी एक ओळ जोडा. चांगल्या दुकानदाराला याचा राग येत नाही. उलट असे गिऱ्हाईक त्याला बरे वाटते, कारण पुढे वाद होत नाही.

उघडपणे लिहावे का? लिहा, पण आज नको. दुकानाला चूक सुधारण्याची एक खरी संधी द्या, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे नेमकी तक्रार घेऊन एकदा जा. मालक आणि मिस्त्री वेगवेगळे असतील तर दोघेही असतील अशा वेळी जा. आपल्या सायकलचे काय केले हे कदाचित मालकांना ठाऊकही नसेल. गर्दीच्या वेळी मात्र जाऊ नका, कारण चार गिऱ्हाइकांसमोर कोणीही आपली चूक सहजासहजी मान्य करत नाही. त्यानंतरही ‘बसेल हळूहळू’ हेच उत्तर मिळाले, तर घडले ते क्रमाने लिहा : सायकल कधी दिली, कधी मिळाली, काय सांगितले होते, काय केले, परत गेल्यावर काय म्हणाले. ‘लुटारू’, ‘चोर’ असे शब्द वापरू नका. ते सिद्ध करता येणार नाहीत, आणि ते वाचून दुसऱ्या सायकलस्वाराला काही उपयोगही होत नाही. ‘जुने भाग दाखवले नाहीत आणि बिलावर तपशील दिला नाही’ हे वाक्य मात्र वाचणाऱ्याच्या थेट कामी येते. दुकानाने काम नीट करून दिले तर तेही त्याच सविस्तरपणे लिहा. तक्रार लिहायला आपण सगळे बसतो, पण चूक सुधारणाऱ्या दुकानाबद्दल दोन ओळी लिहायला फारसे कोणी बसत नाही, आणि त्यांच्या कष्टाच्या मानाने हे मला अन्यायाचे वाटते.

सामान बाहेरून मागवून फक्त बसवून घेण्याचा मार्ग वरवर सोपा दिसतो. तो चुकीचा नाही, पण सामान निवडण्याची सगळी जबाबदारी त्यात आपल्यावर येते. चेन आणि कॅसेट आपल्या गिअरच्या संख्येशी जुळणारी हवी, आणि कॅसेट मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, बसणाऱ्या प्रकारची हवी. टायरचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. ‘२६ इंची’ म्हणून विकले जाणारे सगळे टायर एका मापाचे नसतात. काही ५५९ मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतात, काही ५९० मिलिमीटरच्या, आणि एकाचे टायर दुसऱ्यावर चढत नाही. उलट ७०० सी आणि २९ इंची ही नावे वेगळी असली तरी दोन्हींच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटरच असतो. म्हणून टायरच्या कडेवर ‘३७-६२२’ (टायरची रुंदी आणि रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) असा जो आकडा छापलेला असतो तोच पाहून सामान घ्यावे. एवढे करूनही माप चुकले तर बसवणारा दुकानदार त्याला जबाबदार नाही, आणि त्या भागाची हमीही तो देणार नाही. आपण तशी अपेक्षा करू नये. बाहेरचे सामान बसवून द्याल का, आणि मजुरी किती घ्याल, हे आधीच विचारा. मजुरीवर घासाघीस मात्र करू नका, एवढी माझी मनापासून विनंती आहे. जे दुकान सामानावर काहीच कमावत नाही, त्याने मजुरीवरही कमावू नये असे म्हटले, तर पुढच्या पावसाळ्यात त्या ठिकाणी दुकान उरणार नाही, आणि रस्त्यात चेन तुटली तर घरपोच आलेले खोके ती जोडून देत नाही.

दुसरे दुकान शोधायची वेळ आलीच, तर आधी एखादे लहान काम घेऊन जा. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढायला सांगा आणि जवळ उभे राहून पाहा. चांगला मिस्त्री आऱ्यांवर पाना चालवण्याआधी चाक फिरवून ते नेमके कुठे डगमगते ते बघतो, एकेका आऱ्याला पाव किंवा अर्धा फेरा देतो, पुन्हा फिरवतो. घाई करत नाही. तो काम करताना आपल्याशी बोलला नाही तरी चालेल, पुष्कळ उत्तम कारागीर अबोल असतात. काम झाल्यावर ‘काय होते?’ असे विचारले की तो काय करतो, तेवढे पाहा : नुसते ‘झाले’ म्हणतो, की चाक पुन्हा फिरवून दाखवतो.

तूर्त मात्र मी आपल्याला जुन्या दुकानातच आणखी एकदा जायला सांगेन. सायकल चालवत नव्हे, हाताने ढकलत न्या. आधी ब्रेक दाखवा, मग चेन. कॅसेटवर आपण रोज वापरता ती चक्रे आणि न वापरलेले चक्र शेजारी-शेजारी दाखवायला सांगा. झिजलेल्या दातांची टोके एका बाजूला झुकलेली दिसतील आणि दोन दातांमधली खोबण रुंद झालेली दिसेल. कॅसेट बदलायचे ठरले तर तिचे पैसे देणे रास्तच आहे, कारण ती तशीही बदलावी लागली असती. मात्र त्याच कामासाठी दुसऱ्यांदा घेतलेली मजुरी माफ करण्याविषयी बोला. नवी चेन त्या झिजलेल्या दातांवर थोडेच दिवस चालली असेल तर ती सहसा तशीच ठेवता येते, पण तिच्यावरही मापाची पट्टी लावून घ्या. काम झाल्यावर पैसे देण्याआधी मिस्त्रींना सोबत घेऊन जवळच्या चढावर जा आणि ज्या गिअरमध्ये चेन घसरत होती त्याच गिअरमध्ये, त्यांच्या देखत, जोर लावून पाहा. परत येऊन काढलेली कॅसेट पिशवीत घालून मागा.